घाटावरचा वारा मोजायचा तर: इंदूरकरांसाठी पहिली वही

एप्रिलातल्या दुपारी खंडवा रोडने भेरूघाट उतरून बघा. सिमरोलपर्यंत ऊन चटकतं, पण हवा सोसवते. घाट संपून गाडी बलवाड्याकडे लागली की हेल्मेटची काच वर करायची सोय राहत नाही. भट्टीचं झाकण काढल्यासारखी झळ तोंडावर येते. आमच्या घरी याचं स्पष्टीकरण दोन शब्दांत व्हायचं: 'निमाड लागलं.' आणि उन्हाळ्यात रात्री गच्चीवर गार झुळूक आली की आजोबा 'शबे मालवा', म्हणजे माळव्याची रात्र, म्हणून कुशीवर वळायचे. दोन्हींच्या मुळाशी उंचीच आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. मधली विंध्याची कड इंदूरपेक्षाही उंच. जानापाव तर साडेआठशेहून जास्त. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून पंपांनी हीच भिंत चढून येतं. हवेला पंप नाही. ती कधी चढते, कधी उतरते, कधी अडून बसते, हे मोजायला हिमालयात जायची गरज नाही. रविवारी पहाटे पोहे बांधून घेऊन निघालात तरी पुरे.

आधी महिना ठरवा, मग जागा. यंत्र सगळ्यांत शेवटी. नवखी माणसं बरोबर उलटं करतात. मीही केलं.

कोणता महिना

ही कड साधारण पूर्व-पश्चिम धावते आणि तिचं तोंड दक्षिणेला, नर्मदेकडे. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, कड्याच्या तोंडावर तिरपा आदळतो आणि वर ढकलला जातो. हिवाळ्यात उत्तर-ईशान्येचा वारा पठारावरून सरकत येतो आणि कडेवरून खाली निमाडात उतरतो. म्हणजे जो उतार जुलैत वाऱ्याच्या तोंडी असतो, तोच जानेवारीत वाऱ्याच्या आड जातो. 'जामघाटावर वारा कसा असतो?' या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. 'जानेवारीत, निरभ्र रात्री, घाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी वारा कसा असतो?' याला आहे.

सुरुवात डिसेंबर-जानेवारीत करा, असंच मी सांगेन. आकाश स्वच्छ, मोठ्या प्रणालींचा वारा मंद, त्यामुळे डोंगराचा स्वतःचा वारा उघडा पडतो. शाळेच्या भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकलो होतो, तेच हे. दिवसा ऊन उतारावर पडतं, उताराला चिकटलेली हवा तापते आणि तेवढ्याच उंचीवर दरीच्या मधोमध असलेल्या हवेपेक्षा हलकी होऊन उतारावरून वर सरकते. रात्री उलट: उतार आकाशाकडे उष्णता सोडून गार होतो, त्याला लागलेली हवा जड होते आणि पाण्यासारखी घळीघळीतून खाली वाहते. आपला उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे हिवाळ्यातलं तिरपं ऊनही त्याच्यावर बरंच सरळ पडतं, आणि चढता वारा थंडीतही नीट हाताला लागतो.

पावसाळ्यातलं मोजमाप जास्त रोमांचक असतं, हे कबूल. पण धुक्यात, निसरड्यावर, ओल्या यंत्रासह शिकायला बसू नका.

दोन जागा, एक नव्हे

एका जागी कितीही महागडं यंत्र लावलंत तरी तुम्हाला त्या जागेचा वारा कळतो, डोंगराचा नाही. डोंगर काय करतो हे फरकातून कळतं, आणि फरकाला दोन जागा लागतात. एक वर, एक खाली, दोन्हीकडे सारखी यंत्रं, सारखी उंची, एकच वेळ. तिसरी जागा मिळाली तर ती उताराच्या मध्यावर असू द्या.

सपाटीवरचा आंतरराष्ट्रीय नियम असा: वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजायचा, आणि कोणताही अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दहापट लांब हवा. चार मीटरचं झाड असेल तर चाळीस मीटर दूर. घाटात हे पाळणं अवघड, पण किती मोडलं हे वहीत लिहिता येतं: उत्तरेला बारा मीटरवर पळस, पूर्वेला दगडी बांध, असं. चारी दिशांना एकेक फोटो काढा. सहा महिन्यांनी आकडे विचित्र दिसले की हेच फोटो वाचवतात.

माझी पहिली फजिती सांगतो. अहिल्याबाईंच्या काळच्या जाम दरवाज्याजवळ उभं राहिलं की समोर सगळं निमाड पसरलेलं दिसतं. तिथल्याच एका कठड्याच्या लोखंडी नळीला मी कपवालं अॅनिमोमीटर, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, बांधलं. चार तास नोंदी घेतल्या. वारा निम्मा वेळ खालून वर, निम्मा वेळ उलटा. मला वाटलं, कड्यामागचा भोवरा सापडला! भोवरा होता खराच, पण तो कठड्याच्या भिंतीमागचा, दोन फुटांचा.

त्यातून दुसरी गोष्ट कळली. कडा सरळ तुटलेला असेल तर वारा त्याला चिकटून राहत नाही. कडेवरून सुटतो आणि मागे गिरक्या घेतो. उतार सतरा-अठरा अंशांहून खडा झाला की ही भीती धरावी. म्हणून व्ह्यू पॉइंट ही मोजमापाला सगळ्यांत वाईट जागा. त्यापेक्षा हळूहळू उतरणारी एखादी सोंड शोधा, जिथे फोटो काढायला कुणी येत नाही.

यंत्रं

हातात धरायचं पंख्याचं अॅनिमोमीटर शिकायला चांगलं. धरताना वाऱ्याकडे तोंड करून नव्हे, बाजूला वळून, हात लांब करून धरा. नाहीतर स्वतःच्या पोटावरून वळलेला वारा मोजाल. रात्रभर नोंदी हव्या असतील तर खांबावरचं कपवालं यंत्र, दिशेसाठी वातकुक्कुट आणि सोबत नोंदी साठवणारा एक छोटा डेटा लॉगर लागेल. कपवाल्याचा एक दोष लक्षात ठेवा: अगदी मंद वाऱ्यात ते फिरतच नाही. यंत्राच्या माहितीपत्रकात 'किती वेगाला फिरू लागतं' हा आकडा बघा. रात्रीचा उतरता वारा सेकंदाला एक-दोन मीटरचाच असतो, म्हणजे जड कपांचं यंत्र जिथे शून्य दाखवेल तिथेच खरी गंमत चालू असते.

इथे दहा मीटरचा नियमही तोकडा पडतो. गार हवेचा हा ओघ अनेकदा इतका पातळ असतो की त्याचा सर्वांत जास्त वेग जमिनीपासून काही मीटरांतच सापडतो. उंच खांबाच्या टोकावरचं यंत्र त्याच्या डोक्यावरून बघत बसतं. जमलं तर एकाच बांबूवर १, २ आणि ४ मीटरला तीन यंत्रं लावा. नाही जमलं तर दोन्ही जागी २ मीटर, आणि वहीत तसं स्पष्ट लिहा.

तापमापकाला सावली हवी. उघड्यावर ठेवलेला सेन्सर हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सात-आठ ताटल्या मधे फट ठेवून एकावर एक लांब बोल्टांनी कसा आणि सेन्सर आत टांगा. विकतच्या जाळीदार घरट्याइतकं नाही, पण काम भागतं.

घाटात जाण्याआधी दोन्ही संच एक पूर्ण रात्र घरच्या गच्चीवर शेजारी शेजारी चालवा. हे कंटाळवाणं काम टाळू नका. दोन सेन्सरांत अर्धा अंश फरक सहज निघतो. तो आधी माहीत असला तर वजा करता येतो. नसला तर तुम्ही त्यालाच शोध समजून बसता.

घड्याळांचंही तसंच. दोन्ही लॉगरना त्याच सकाळी एकाच मोबाइलवरून वेळ द्या आणि परतल्यावर किती सरकली ते तपासा. माझं एक घड्याळ एकदा सात मिनिटं मागे पडलं, आणि दोन दिवस मी अशा वाऱ्याचं कारण शोधत होतो जो पायथ्याला आधी पोचायचा आणि माथ्यावरून नंतर निघायचा.

उंची दाबावरून

पुष्कळ मोबाइलमध्ये बॅरोमीटर असतो. फायफॉक्ससारख्या मोफत अॅपमध्ये त्याचा आकडा दिसतो. आपल्या भागात १ हेक्टापास्कल दाब कमी झाला की साधारण ९ मीटर वर चढलात असं धरा. माथ्यावर ९३० आणि पायथ्याला ९७४ असेल तर फरक ४४, म्हणजे जवळपास ४०० मीटर.

गोम अशी, की दाब दिवसभर स्थिर नसतो. आपल्या अक्षांशांत तो सकाळी दहाच्या सुमाराला चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला. फरक तीनेक हेक्टापास्कलचा. दहा वाजता पायथा मोजून चार वाजता माथा मोजलात तर तुमचा डोंगर पंचवीस-तीस मीटर वाढलेला निघेल. दोन माणसं, दोन फोन, एक वेळ. माणूस एकच असेल तर पायथा-माथा-पायथा असं मोजा आणि पायथ्याच्या दोन आकड्यांमधून वेळेनुसार मधला काढा.

सराव करायला पातालपाणी-कालाकुंड ही छोट्या लाइनची गाडी फार छान, चालू असेल तेव्हा. खिडकीत फोन ठेवा, दर दोन मिनिटांनी दाब लिहा, आणि घाटाचा उतार कागदावर आपोआप उमटतो. कालाकुंडला उतरून कलाकंद खाणं हा प्रयोगाचा भाग नाही, पण मी तो कधी चुकवलेला नाही.

एक पूर्ण रात्र

दुपारी तीनला दोन्ही जागी यंत्रं उभी राहिली पाहिजेत. पहिला तास नुसता जाऊ द्या. चारच्या पुढे दर दहा मिनिटांची सरासरी बघत राहा. दहा मिनिटांची सरासरी हाच जगभरचा रिवाज आहे, आणि झोत म्हणजे त्यातला तीन सेकंदांचा सर्वोच्च आकडा.

डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, पण घळीतल्या उतारावरचं ऊन त्याच्या बरंच आधी जातं. यंत्राने सांगायची वाट बघू नका. उदबत्ती लावा आणि धूर कुठे वळतो ते पाहा. ऊन गेल्यावर थोड्या वेळात धूर आधी गोंधळतो, सरळ वर जातो, आणि मग एकदम पायथ्याकडे मान टाकतो. हा क्षण घड्याळ बघून लिहून ठेवा. उतारावरचा वारा आधी फिरतो, दरीतला मोठा ओघ त्यानंतर बऱ्याच वेळाने. चोरलच्या खोऱ्यासारख्या ठिकाणी या दोन वेळांतलं अंतर हीच मोजण्यासारखी गोष्ट आहे, आणि त्याला उदबत्तीच्या पुड्याखेरीज काही लागत नाही.

रात्री दोन ते पाच झोप काढा. पहाटे साडेपाचला उठायचंच, कारण त्याच सुमाराला भोपाळहून हवामान खात्याचा रेडिओसाँड फुगा वर जातो. दुसरा संध्याकाळी साडेपाचला. त्याने मोजलेलं तापमान आणि वारा, उंचीनुसार, इंटरनेटवर मोफत मिळतो. तुमच्या दोन खांबांच्या वर आकाशात काय चाललं होतं हे त्यातून कळतं. इंदूर विमानतळाचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा अहवालही उतरवून ठेवा. तो पठारावरचा मोकळा वारा.

सूर्य उगवल्यावर लगेच गाशा गुंडाळू नका. नऊ-साडेनऊपर्यंत थांबा. दरीतला गार थर फुटताना तापमान काही मिनिटांत उडी मारतं, आणि वारा पुन्हा उलटतो.

आकड्यांचं काय करायचं

वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिथून येतो ती. हे माहीत असूनही निम्मे लोक पहिल्या दिवशी उलटं लिहितात. दुसरी चूक सरासरीत होते. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही जवळजवळ उत्तर. त्यांची साधी सरासरी येते १८०, म्हणजे दक्षिण! प्रत्येक नोंदीचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन भाग करा, त्यांची वेगवेगळी सरासरी घ्या, मग पुन्हा दिशा काढा. होकायंत्राची सुई इंदूरला खऱ्या उत्तरेपासून एखाद्या अंशानेच हलते, तिकडे दुर्लक्ष चालेल. पण लोखंडी खांबाला चिकटून मोबाइलचं होकायंत्र वाचणं चालणार नाही.

आता तापमान. कोरडी हवा चढली की दर १०० मीटरला जवळपास एक अंश गार होते, अचूक सांगायचं तर किलोमीटरला ९.८ अंश, उतरली की तितकीच तापते. म्हणून वरचं आणि खालचं तापमान थेट ताडून उपयोग नाही. वरची हवा मनातल्या मनात खाली आणा. समजा जानेवारीच्या पहाटे माथ्यावर १२ अंश, पायथ्याला ९, आणि मधे ४०० मीटर. माथ्याची हवा खाली आणली तर ती १६ अंश होईल, म्हणजे पायथ्यापेक्षा सात अंश उबदार. गार हवा तळाशी, उबदार वर: थर घट्ट बसलेत. दुपारी हाच हिशोब केला तर दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात, म्हणजे हवा नीट घुसळली गेली आहे.

यातून पुढचा प्रश्न सुटतो आणि मला तोच सर्वांत आवडतो: निमाडातून येणाऱ्या वाऱ्यात ही भिंत चढायचा दम आहे का? गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ ला (वरचे ९.८ अंश नव्हेत) केल्विनमधल्या तापमानाने, म्हणजे २८५ ने भागा, वरच्या सात अंशांच्या फरकाने गुणा, ४०० ने भागा, वर्गमूळ काढा. उत्तर ०.०२४५ च्या आसपास. त्याला भिंतीच्या उंचीने, ४०० ने गुणलं की ९.८ येतात. वाऱ्याचा वेग सेकंदाला इतक्या मीटरहून बराच कमी असेल तर खालची हवा भिंत चढत नाही. अडते, कडेकडेने सरकते, एखाद्या खिंडीतून वाट काढते. दहा मीटर म्हणजे ताशी ३५-३६ किलोमीटर. शांत पहाटे असा वारा कुठून असणार? म्हणून त्या वेळी पायथ्याशी चुलींचा धूर चादरीसारखा अंथरलेला दिसतो, तो वर येत नाही. पुस्तकांत वेग भागिले या ९.८ ला फ्राउड अंक म्हणतात. ५ मीटरच्या वाऱ्याला तो अर्धा आला.

त्याच ०.०२४५ चा आणखी एक उपयोग. ६.२८ ला त्याने भागलं की २५६ सेकंद येतात, सव्वाचार मिनिटं. थर लावलेली हवा ढकलली गेली तर एवढ्या काळात एक हेलकावा घेते. रात्रीच्या नोंदीत चार-पाच मिनिटांचे हेलकावे दिसले तर यंत्र बिघडलं म्हणून उघडू नका.

देवासच्या टेकड्या

जामगोदरानीच्या पवनचक्क्या टेकड्यांच्या माथ्यावरच का, हेही मोजता येतं. मंद उताराच्या टेकडीवर वारा माथ्याशी जोर धरतो. जॅक्सन आणि हंट या दोघांनी १९७५ साली मांडलेल्या सिद्धांतातून ढोबळ सूत्र निघतं: माथ्यापासून टेकडी निम्म्या उंचीवर उतरेपर्यंतचं आडवं अंतर मोजा, टेकडीच्या उंचीला त्याने भागा. लांब धार असेल तर २ ने गुणा, गोल टेकडीला १.६ ने, पठाराच्या कडेला ०.८ ने. येईल तो आकडा म्हणजे माथ्यावर वेगात पडणारी भर, सपाटीवरच्या वेगाच्या प्रमाणात. १०० मीटरची गोल टेकडी ३०० मीटरमध्ये निम्मी उतरत असेल तर वेग साधारण दीडपट. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते, म्हणून दीडपट वेगाला सव्वातीन पटीहून जास्त वीज.

स्कॉटलंडच्या साउथ उइस्ट बेटावर आस्कर्वेन नावाची ११६ मीटरची टेकडी आहे. तिच्यावर १९८२ आणि १९८३ साली खांबांच्या रांगा उभारून हेच तपासलं गेलं. माथ्यावर वारा सपाटीपेक्षा ऐंशी टक्क्यांच्या आसपास जास्त निघाला. अजूनही नवं संगणकी प्रारूप लिहिणारा माणूस पहिली परीक्षा त्याच टेकडीवर देतो. मात्र तुटलेल्या कड्याला हे सूत्र लावू नका, तिथे वारा सुटतो हे वर सांगितलंच.

पुढची इयत्ता

वर्षभर वही भरल्यावर हात शिवशिवतील. तेव्हा ध्वनिलहरींवर चालणारं सोनिक अॅनिमोमीटर बघा. त्यात फिरणारा भाग नाही. सेकंदाला दहा-वीस वेळा तिन्ही दिशांचा वारा कळतो, वर-खालचासुद्धा. पण उतारावर ते बसवणं हीच परीक्षा. तीन अंश कललं तर ५ मीटरच्या आडव्या वाऱ्यातून पाव मीटरचा खोटा उभा वारा तयार होतो, आणि खरा उभा वारा बऱ्याचदा त्याहून कमी असतो.

पुण्याच्या आयआयटीएमची, म्हणजे उष्णदेशीय हवामान संस्थेची महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, आणि २०२४ पासून आपल्याच बाजूला, सीहोर जिल्ह्यात सिलखेडा इथे, त्यांचं निरीक्षण केंद्र सुरू झालं आहे. तिथे काय मोजतात हे वाचलंत तर आपल्या दोन बांबूंची जागा कुठे ते कळेल. कमी लेखू नका. २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमची, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी प्रारूपाची, जाळी ६ किलोमीटरची आहे, आणि देशासाठी ती बारीकच म्हणायची. पण आपला घाट तेवढ्या एका चौकोनात अख्खा उतरून जातो.

निघण्याआधी

महूच्या आसपास लष्कराची हद्द कुठे लागते हे चौकशी करूनच खांब रोवा. जंगलात वनविभागाची परवानगी घ्या. ड्रोन उडवणार असाल तर डिजिटल स्कायच्या नकाशावर आधी रंग बघा. हिरव्या भागातही मर्यादा ४०० फुटांची. मे-जूनमध्ये गडगडाट ऐकू आला की लोखंडी खांब तिथेच सोडून गाडीत बसा. यंत्र पुन्हा घेता येतं.

आणि धूर करण्याआधी कड्याकडे मान वर करून नीट पाहा. या घाटांत आग्या मोहोळं असतात. त्यांच्याखाली उदबत्तीसुद्धा लावायची नाही. तिथे टाचणीला बांधलेला लोकरीचा धागा वापरा.